बर्फात व्हीलचेअरने कामावर जायचं असेल, तर टायरचा विचार सगळ्यात शेवटी

तुमचा प्रश्न मला समजला तो असा. नोकरीसाठी तुम्ही पहिल्यांदाच बर्फ पडणाऱ्या ठिकाणी राहायला आला आहात. मज्जारज्जूच्या दुखापतीमुळे कमरेखाली संवेदना नाही. हाताने चालवायची, घडी न होणारी व्हीलचेअर वापरता. घरापासून बसथांबा ४०० मीटर, बसमधून उतरल्यावर ऑफिस आणखी ३०० मीटर. दोन आठवड्यांत दोनदा चाकं रुतली, एकदा तर अनोळखी माणसांनी खुर्चीसकट उचलून बाहेर काढलं. साहेब म्हणतात, "बर्फ पडला की रजा टाकत जा." आणि तुम्ही विचारलंय, "बर्फासाठी कोणते टायर घेऊ? की सरळ मोटरची खुर्चीच घेऊ?"

मी स्वतः १७ हिवाळे व्हीलचेअरवरून कामावर जाते आहे, आणि माझं कामही लोकांना मापाप्रमाणे व्हीलचेअर बसवून देण्याचंच आहे. टायरचं सांगेनच, पण तो प्रश्न मी मुद्दाम मागे ठेवते. हिवाळा तोंडावर आला की हाच प्रश्न घेऊन माणसं माझ्याकडे येतात, आणि बहुतेकांची अडचण टायरने सुटत नाही. तुमचे ७०० मीटर घ्या. त्यातले साडेसहाशे तरी तुमची आत्ताची खुर्ची रखडत का होईना पार करते. घोडं पेंड खातं ते उरलेल्या पन्नास मीटरांत. फूटपाथवरून रस्त्यावर उतरायचा उतार, बर्फ हटवणाऱ्या गाडीने कडेला लोटलेला बांध, बसच्या दारापुढचा हातभर पट्टा, ऑफिसच्या रॅम्पचा तळ. या जागा मोकळ्या नसतील तर कुठलाही टायर तुम्हाला पलीकडे नेणार नाही. मोकळ्या असतील तर बरेच दिवस आहे त्या टायरवरही भागतं. म्हणून मी आधी वाट बघते, मग शरीर आणि मग खुर्ची.

यातलं बरंचसं परिस्थितीवर ठरतं. दुखापत कुठल्या मणक्यापाशी आहे, खांद्यांत किती जोर आहे, फूटपाथ साफ करणं कुणाची जबाबदारी आहे, आणि तुमच्याकडची थंडी कोणत्या जातीची आहे. शेवटची गोष्ट नव्या माणसाला पटत नाही, पण कोरड्या उणे १५ मध्ये जाणं मला उणे १ पेक्षा सोपं जातं. कडक थंडीत बर्फ कोरडा राहतो आणि तुडवून घट्ट झाला की टायर त्यावर बऱ्यापैकी धरतो. शून्याच्या आसपास मात्र त्यावर पाण्याचा थर येतो आणि तेल सांडल्यासारखं होतं. दिवसा वितळलेलं पाणी रात्री गोठलं की काचेसारखा पातळ थर तयार होतो. खालचं डांबर त्यातून आरपार दिसतं, त्यामुळे सकाळच्या अंधुक उजेडात तो नुसता ओला रस्ता वाटतो. रात्रीतून तापमान शून्य ओलांडून खाली गेलं असेल, तर सकाळी मी दारातच थांबून हातातली काठी जमिनीवर टेकवून बघते आणि मगच चाक बाहेर काढते.

आणखी एक. बर्फ पडतो तो पहिला दिवस सगळ्यांना दिसतो, त्या दिवशी साहेबही समजून घेतात. खरा त्रास दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी. लोकांनी तुडवलेला बर्फ रात्री गोठतो, बुटांचे ठसे दगडासारखे कडक होतात आणि त्यावरून पुढची छोटी चाकं वाट्टेल तिकडे वळतात. रस्ता साफ करणाऱ्या गाड्या येऊन गेलेल्या असतात, म्हणजे फूटपाथच्या प्रत्येक उतारासमोर गुडघाभर बांध तयार. रस्ता स्वच्छ, आकाश निरभ्र, आणि आपण अडकलेले. ऑफिसला हे आधी सांगून ठेवलं नसेल, तर "आज तर काहीच बर्फ नाही" हे ऐकावं लागतं आणि ते फार लागतं.

तेव्हा पहिलं काम: एखाद्या सुट्टीच्या दिवशी, उजेडात, कुणाला तरी सोबत घेऊन सगळी वाट फक्त बघायला जा. कुठे पोचायची घाई नको. जिथे जिथे थांबावं लागलं त्या प्रत्येक जागेचा फोटो काढा. माझ्या वाटेवर अशा सात जागा निघाल्या होत्या. उताराच्या तळाशी पाणी साचतं का ते बघा, कारण तो सखल भाग असतो आणि वितळलेलं सगळं पाणी तिथेच येऊन गोठतं. छपराच्या कडेखालचा पट्टा बघा, तिथे थेंब पडून पडून टेंगळं होतात. ज्या बाजूला ऊन लागत नाही ती बाजू बघा. आणि फूटपाथ कुठे आडवा कललेला आहे ते नीट बघा, विशेषतः गाड्या आत न्यायच्या फाटकांसमोर. बर्फावर मला सगळ्यात जास्त भीती या आडव्या उताराची वाटते. चाक फिरत असतं तोवरच त्याला दिशा असते. आपण घाबरून हँडरिम (खुर्ची ढकलायला हाताने फिरवायची चाकाबाहेरची कडी) घट्ट धरली आणि चाक थांबलं की खुर्चीची घसरगाडी होते आणि ती थेट रस्त्याकडे जाते. अशी जागा वाटेत असेल तर वाट बदला. माझी हिवाळ्याची वाट उन्हाळ्यातल्या वाटेपेक्षा २५० मीटर लांब आहे, पण सपाट आहे.

आता या जागा साफ कोण करणार? कायद्याने ती कुणाची जबाबदारी आहे ते ठिकाणागणिक बदलतं: कुठे पालिकेची, कुठे लगतच्या इमारतीच्या मालकाची. ते शोधून काढा आणि लेखी मागा. "फूटपाथ साफ होत नाहीत" अशी तक्रार केली तर उत्तर येतं, "आम्ही साफ केले आहेत." आणि त्यांच्या दृष्टीने ते खरंही असतं. एका फावड्याच्या रुंदीची, म्हणजे जेमतेम ५० सेंटिमीटरची पायवाट काढली की चालणाऱ्याचं काम होतं. हाताने चालवायची खुर्चीच बहुधा ६० ते ६५ सेंटिमीटर रुंद असते, त्यात चाकं फिरवणारे हात दोन्हीकडे बाहेर येतात. निदान ९० सेंटिमीटर मोकळी वाट लागते, आणि उतारावर ती एका काठापासून दुसऱ्या काठापर्यंत लागते. म्हणून मी फोटोवर दोन रेघा आखून पाठवते: या कोपऱ्यावरचा उतार, इतका रुंद, सकाळी इतक्या वाजायच्या आत. नेमकी जागा, नेमकं माप आणि नेमकी वेळ दिली की काम होण्याची शक्यता कितीतरी वाढते. मिठाबद्दल एवढंच ध्यानात ठेवा की साधं मीठ उणे १० च्या खाली जवळपास काही करत नाही. तेव्हा खरखरीत वाळू किंवा बारीक खडी मागायची. मी स्वतः वाळूची एक छोटी बाटली खुर्चीच्या मागच्या पिशवीत ठेवते. चाक जागच्या जागी फिरायला लागलं की मूठभर पुरते.

साहेबांच्या सल्ल्याबद्दल मात्र मला स्पष्ट बोलायचं आहे. बर्फ पडला की रजा टाकणं ही सोय नाही. त्यात न उचललेल्या बर्फाची किंमत तुमच्या खात्यातून वळती होते. माझ्या पहिल्या नोकरीत एका हिवाळ्यात माझ्या ११ रजा अशाच गेल्या, आणि मार्चमध्ये मी खरोखर आजारी पडले तेव्हा एकही उरली नव्हती. त्यानंतर मी कधीही हे तोंडी ठेवलं नाही. संयुक्त राष्ट्रसंघाच्या २००६ सालच्या अपंग व्यक्तींच्या हक्कांविषयीच्या करारात २७ वं कलम कामाच्या हक्काचं आहे. कामाच्या ठिकाणी वाजवी सोयी आणि बदल करून दिले जावेत हे त्यात स्पष्ट लिहिलं आहे. तो करार मान्य करणाऱ्या देशांच्या कायद्यांत तेच वेगवेगळ्या शब्दांत येतं. तुम्हाला लागू होणारा कायदा बघा आणि पत्रात त्याचंच नाव घाला.

पत्र लहान असू द्या, सूर सरळ ठेवा, मागण्या मोजक्या आणि मोजता येतील अशा. ज्या दिवशी वाट बंद असेल त्या दिवशी घरून काम, आणि ते रजेत धरायचं नाही. बर्फ हटवायला वेळ लागणार असेल तर उशिरा येऊन उशिरापर्यंत थांबण्याची मुभा. रॅम्प आणि दारापुढचा भाग तुमच्या यायच्या वेळेआधी साफ. आगीच्या वेळी बाहेर पडायचं दारही बाहेरून मोकळं, कारण ते रोजच्या वापरातलं नसल्यामुळे त्याच्यापुढे बर्फ आठवडाभर तसाच पडून राहतो आणि कुणाच्या लक्षातही येत नाही. आणि दाराजवळ चाकं पुसायला एक कोपरा, तिथे जाड पायपुसणं आणि दोन जुने टॉवेल. हे शेवटचं किरकोळ वाटेल, पण ओली चाकं गुळगुळीत फरशीवर घसरतात, ब्रेक नीट धरत नाही, आणि शौचालयात खुर्चीतून कमोडवर सरकताना खुर्ची मागे गेली तर पडणं ठरलेलं. माझ्याकडे आलेल्या कितीतरी जणांची हिवाळ्यातली पडझड बाहेर झालेली नव्हती, ओल्या फरशीवर झालेली होती.

जायचं की नाही हे सकाळी ठरवू नका. सकाळी उशीर झालेला असतो आणि मन म्हणतं, "निघू तर, बघू पुढे." मी आदल्या रात्री हवामानाचा अंदाज बघून ठरवते आणि तेव्हाच कळवते. ताज्या बर्फासाठी माझा नियम पुढच्या छोट्या चाकांवरून येतो. त्यांचा व्यास साधारण १० ते १२ सेंटिमीटर असतो, म्हणजे त्रिज्या ५-६. बर्फाची जाडी त्रिज्येच्या जवळ गेली की ते चाक बर्फावर चढत नाही. फिरायचं थांबतं आणि नांगरासारखं बर्फ पुढे लोटत राहतं. त्यामुळे साफ न केलेल्या वाटेवर ५ सेंटिमीटरच्या वर बर्फ असेल, तर खुर्चीला एखादी बर्फातली जोडणी (त्याबद्दल पुढे सांगते) लावल्याशिवाय मी निघत नाही. तुमचे खांदे माझ्यापेक्षा मजबूत असतीलही. पण हाताने खुर्ची चालवणाऱ्यांत खांद्याचं जुनं दुखणं फार आढळतं, आणि रुतलेल्या चाकावर जीव खाऊन मारलेला एकेक जोर त्यात भर घालतो. हे खांदे तुम्हाला आयुष्यभर पुरवायचे आहेत. चालणं, उचलणं, बसणं-उठणं सगळं त्यांच्यावरच आहे.

आता शरीर. यावर मी जास्त वेळ घालवणार आहे, कारण तुम्ही प्रश्नात याचा उल्लेखच केलेला नाही आणि मला त्याचीच काळजी वाटते.

खुर्ची ढकलताना आपल्या एकाच शरीरात दोन ऋतू असतात. हात, छाती, पाठ कामाला लागलेली, त्यामुळे वरून घाम. पाय मात्र निश्चल, ऊब तयार होतच नाही. दुखापतीच्या पातळीखाली थंडीने कुडकुडणंही होत नाही, म्हणजे शरीराचा ऊब निर्माण करायचा एक मार्गच बंद. दुखापत छातीच्या सहाव्या मणक्याच्या आसपास किंवा त्याच्या वर असेल, तर शरीराचं तापमान सांभाळण्याची यंत्रणाच कमजोर पडते. अशांनी कडक थंडीत बाहेर राहायचा वेळ आणखी कमी ठेवावा आणि मर्यादा आपल्या डॉक्टरांशी बोलून ठरवावी. वारा विसरू नका: उणे १० तापमानात ताशी ३० किलोमीटरचा वारा असेल तर उघड्या त्वचेला ते जवळपास उणे २० सारखं असतं.

माझ्या चौथ्या हिवाळ्यात डावा पाय फूटरेस्टवरून थोडा मागे सरकला आणि बुटाची टाच सगळी वाट बर्फात घासत गेली. मला काही कळलं नाही. कळणार कसं? ऑफिसात गेल्यावर कामाला लागले, संध्याकाळी घरी मोजा काढला तेव्हा टाच पांढुरकी, मेणासारखी आणि कडक लागत होती. तो हिमदंश बरा व्हायला सात आठवडे लागले, आणि तेवढे दिवस मी कामावर जाऊ शकले नाही. तेव्हापासून पोटरीमागे पट्टा लावल्याशिवाय मी दाराबाहेर पडत नाही, आणि ऑफिसात पोचल्यावर पहिलं काम बूट-मोजे काढून दोन्ही पाय डोळ्यांनी बघणं. बोटांच्या मधल्या जागाही. तळ बघायला छोटा आरसा ठेवते. पाच मिनिटं लागतात. त्वचा पांढरी, करडी किंवा मेणचट दिसली तर चोळायचं नाही, हीटरपुढे धरायचं नाही. ३७ ते ३९ अंशांच्या कोमट पाण्यात ठेवायचं, पाणी थर्मामीटरने किंवा दुसऱ्या कुणाच्या हाताने तपासून, आणि लगेच डॉक्टर गाठायचा. पाय पुन्हा थंडीत जाणार असेल तर मधेच ऊब देऊन परत गोठवण्यापेक्षा आधी आत पोचणं बरं. गरम पाण्याची पिशवी किंवा विजेवर तापणारे मोजे संवेदना नसलेल्या पायांना कधीही लावू नका. थंडीपासून वाचवता वाचवता भाजून घेतलेले पाय मी पाहिले आहेत.

कपड्यांचं थोडक्यात. बूट एक माप मोठे, आतला मोजा लोकरीचा, काहीही घट्ट नको. पायांवर ब्लँकेट घेऊ नका, ते चाकात जातं. झोपायच्या पिशवीसारखं, पायांवरून कमरेपर्यंत चढवायचं जलरोधक आवरण मिळतं ते घ्या. वरचं जाकीट आखूड, पुढून पटकन उघडता येईल असं, कारण घाम आला की लगेच मोकळं करता आलं पाहिजे. हातमोज्यांच्या दोन जोड्या: एक घालायची, एक कोरडी पिशवीत. हँडरिमवर बर्फाचा रेंदा येतोच, आणि ओल्या मोज्यात धातूची रिम धरणं म्हणजे हातही गेलेच. लघवीची पिशवी वापरत असाल तर ती आणि नळी कपड्यांच्या आत ठेवा, उघड्यावरची नळी गोठते. वाटेत अडचण नको म्हणून सकाळी पाणी न पिणं बरेच जण करतात. तसं करू नका, त्यातून होणारा मूत्रमार्गाचा संसर्ग बर्फापेक्षा जास्त दिवस घरी बसवतो.

आणि कुशन. तुमचं हवेच्या कप्प्यांचं असेल तर हे नीट वाचा. थंडीत हवा आक्रसते. २० अंशांच्या खोलीतून उणे १० मध्ये गेल्यावर टायरच्या हवेचा दाब जवळपास दहाव्या हिश्शाने उतरतो, कुशनचंही तेच होतं, फक्त अंगाच्या उबेमुळे थोडं कमी. बसायची हाडं तळाला टेकू शकतात आणि दाबव्रणाची, म्हणजे सतत दाब पडून होणाऱ्या जखमेची, सुरुवात होते. म्हणून पोचल्यावर कुशनखाली हात घालून जागा आहे का ते तपासा. बाहेर थंडीत असताना त्यात हवा भरू नका, आत आल्यावर ते फुगून ताठ होतं. जेलचं कुशन असेल तर रात्री गाडीत किंवा गॅलरीत सोडू नका.

आता खुर्ची. बर्फात अडथळा मोठ्या चाकांचा नसतो, पुढच्या छोट्यांचा असतो. त्यामुळे सगळी युक्ती एकच: पुढच्या चाकांवरचा भार कमी करा किंवा त्यांना जमिनीवरून उचला. सगळ्यात स्वस्त उपाय म्हणजे उलटं जाणं. दोन-तीन मीटरचा भुसभुशीत पट्टा असेल तर खुर्ची फिरवा आणि मागे मागे जा. मोठी चाकं वाट काढतात, छोटी त्यांच्यामागून ओढली जातात. कुणी मदतीला आलं तर त्यांनाही हेच सांगा. पुढे ढकलू नका, उलटी फिरवून ओढा. कुठे धरायचं ते तुम्ही सांगा, आणि आपण होऊन सांगा. लोक भलेपणाने हाताचा टेकू धरून उचलतात आणि तो हातात निघून येतो. त्यांच्या पायातले बूट घसरणारे असतील तर मी नको म्हणते, कारण ते पडले की माझ्यावर पडतात. मागच्या दोन चाकांवर तोल धरून जायची सवय असेल तर ताज्या बर्फात ती कामाला येते, पण गोठलेल्या निसरड्या थरावर ते अजिबात करू नका. आणि मागे कलंडू नये म्हणून लावलेल्या छोट्या चाकांकडे लक्ष असू द्या. बर्फाच्या बांधावरून जाताना ती टेकली की मोठी चाकं अधांतरी राहतात.

जोडण्यांत दोन प्रकार मी वर्षानुवर्षं वापरले आणि लोकांना बसवून दिले. एक फ्रीव्हील: फूटरेस्टला पकडणारं एकच मोठं चाक, ज्यामुळे पुढची दोन्ही छोटी चाकं जमिनीवरून उचलली जातात. तुमची खुर्ची घडी न होणारी आणि फूटरेस्ट अखंड असेल तर ते नीट बसतं. माझ्या मते तुमचा पहिला खर्च यावर व्हावा, टायरवर नव्हे. त्याने खुर्ची लांब होते, बसमध्ये आणि लिफ्टमध्ये वळता येत नाही, म्हणून ते काढून पाठीमागे अडकवायची सवय घरातच करा, हातमोजे घालून. दुसरा व्हीलब्लेड्स: छोट्या चाकांखाली लावायच्या आखूड स्की. घट्ट, तुडवलेल्या बर्फावर छान चालतात, पण साफ केलेल्या डांबरावर आलात की खरडतात. तुमच्या वाटेवर थोडं साफ, थोडं बर्फाळ असं असेल तर सतत काढ-घाल करावी लागेल.

आणि आता टायर. खोल नक्षीचे, जाडसर टायर भुसभुशीत आणि तुडवलेल्या बर्फावर खरोखर फरक करतात. काचेसारख्या गोठलेल्या थरावर नाही. घेण्याआधी टायरच्या बाजूवर छापलेला तीन आकडी मिलिमीटरचा आकडा बघा, इंचांवर जाऊ नका. व्हीलचेअरचं २४ इंची चाक ५४० चं असतं आणि सायकलचं २४ इंची बहुधा ५०७ चं. सायकलच्या दुकानातून आणलेला टायर चढत नाही, आणि दुकानदार व तुम्ही दोघंही गोंधळता. २५ इंची चाक असेल तर ते ५५९, म्हणजे माउंटन सायकलच्या २६ इंचीचंच माप, तिथे भरपूर पर्याय आहेत. जाड टायर कपडे चाकात जाऊ नयेत म्हणून लावलेल्या बाजूच्या पट्टीला घासत नाही ना आणि हँडरिम व टायरमध्ये अंगठ्याला जागा राहते ना, हे बसवून बघितल्याशिवाय पैसे देऊ नका. हवा टायरवर लिहिलेल्या कमीत कमी मर्यादेपर्यंत उतरवली तर पकड वाढते, पण मग ब्रेकचा दांडा नीट दाबत नाही, तो नव्याने लावून घ्यावा लागतो. शक्य असेल तर चाकांची दुसरी जोडीच करा: नक्षीची जोडी वाटेसाठी, गुळगुळीत जोडी ऑफिसात. बटण दाबून निघणारी चाकं असतील तर दुसऱ्याच्या मदतीने दोन मिनिटांचं काम आहे, आणि ऑफिसची फरशी कोरडी राहते. चाकांना प्लॅस्टिकच्या पट्ट्या आवळायचा उपाय तुम्ही कुठेतरी वाचाल. हाताने चालवायच्या खुर्चीवर त्या हाताला लागतात आणि ब्रेकमध्ये अडकतात, मी तो कुणालाही सुचवत नाही.

हँडरिम नुसत्या ॲल्युमिनियमच्या असतील तर हिवाळ्यापुरती रबराची किंवा व्हिनिलची आवरणं चढवा. घरी आल्यावर मीठ आणि रेंदा ओल्या फडक्याने पुसून कोरडं करा, आठवड्यातून एकदा चाकं काढून अॅक्सल (चाकाचा आस) पुसा. मिठाने अॅक्सल धरला की चाक निघत नाही, आणि ते कळतं नेमकं गाडीच्या दारात.

गाडीवरून आठवलं. सहकाऱ्याने घरी न्यायची तयारी दाखवली तर आनंदाने घ्या, पण चढायची जागा आधी साफ करून घ्या. ब्रेक लावला म्हणजे चाक फिरत नाही एवढंच, खालच्या बर्फावरून अख्खी खुर्ची सरकू शकते. मी एकदा अशीच खुर्ची आणि गाडी यांच्या मधे बसले होते, खाली, बर्फात. आता दोन्ही चाकांखाली रबरी चटई टाकल्याशिवाय बूड उचलत नाही.

बसचं उत्तर बहुतेक वेळा चालकाकडे असतं. बर्फाच्या बांधामुळे बस फूटपाथपासून लांब थांबते आणि तिचा रॅम्प बांधावर टेकतो, त्याचा चढ उभा होतो. थांब्याच्या आधी किंवा नंतर एखादं साफ केलेलं फाटक असतं. "तिथे थांबवाल का?" असं मी चढतानाच विचारते, उतरताना नाही. बहुतेक चालक थांबवतात. ढिगांच्या मागे बसलेला माणूस वाहनचालकांना दिसत नाही, म्हणून खुर्चीला उंच काठीवर चमकणारा झेंडा आणि मागे-पुढे दिवे लावा. फोन आतल्या खिशात, अंगाला लागून ठेवा. बाहेरच्या खिशात थंडीने बॅटरी ऐन वेळी बंद पडते.

मोटरच्या खुर्चीचं. हातांत बळ असताना फक्त बर्फासाठी ती घ्यावी असं मला वाटत नाही. वजन शंभर किलोच्या वर जातं, आणि रुतली तर वाटेवरची दोन माणसं उचलू शकत नाहीत. मधल्या चाकांवर चालणाऱ्या खुर्चीत पुढची-मागची छोटी चाकं बर्फावर टेकून राहतात आणि मधलं चाक हवेत फिरत बसतं. पुढच्या चाकांवर चालणारी त्या मानाने बरी, ती स्वतःला ओढून काढते. शिशाच्या बॅटऱ्या शून्याच्या आसपास साधारण पाचवा हिस्सा आणि उणे २० च्या सुमाराला जवळजवळ निम्मी ताकद गमावतात. लिथियमच्या बॅटऱ्या शून्याखालच्या तापमानात चार्ज केल्या तर खराब होतात, आधी आत आणून उबदार होऊ द्याव्या लागतात. खांद्याचं दुखणं सुरू झालेलं असेल तर मात्र माझं मत बदलेल, तेव्हा ते लपवू नका.

आता तुम्ही एवढं करा. या आठवड्यात वाट बघून या आणि अडकायच्या जागा किती निघाल्या ते मला कळवा, फोटोंसकट. सोबत चाकावरचा तीन आकडी आकडा, फूटरेस्ट अखंड आहे की दोन भागांचा, कुशन कोणतं, आणि दुखापत नेमकी कुठल्या मणक्यापाशी आहे. त्यावरून साहेबांना द्यायच्या पत्राचा मसुदा मी तुमच्यासोबत बसून लिहीन. आणि आज घरी गेल्यावर बूट काढून टाचा तेवढ्या बघा.